तिरकी रेघ कुणासाठी?

स्पॅनिश भाषेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद एप्रिल १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या साकातेकास शहरात भरली. उद्घाटनाला नोबेलविजेते कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस बोलायला उभे राहिले आणि त्यांनी भरसभेत शुद्धलेखनाला निवृत्त करण्याची सूचना केली. उच्चारातून केव्हाच गेलेला मुका 'ह' पुरून टाका, एकाच उच्चाराची दोन-दोन अक्षरे कशाला वागवता, असा त्यांचा सूर होता. शब्दाचा जोर कुठे आहे हे दाखवायला स्वराच्या डोक्यावर जी तिरकी रेघ देतात, तिच्याबद्दलही ते बोलले. ती देताना जरा तारतम्य बाळगा, म्हणाले. 'लाग्रिमा' म्हणजे अश्रू हा शब्द बिनरेघेचा छापला म्हणून कुणी तो भलताच वाचणार नाही आणि 'रेबोल्बेर' म्हणजे पिस्तूल व 'रेबोल्बेर' म्हणजे ढवळणे यांत कुणाची गफलत होणार नाही. व्याकरणकारांनी टीकेची झोड उठवली, बऱ्याच वाचकांना मनातून बरे वाटले. मार्केस यांच्या बाकीच्या सूचनांवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. या रेघेबाबत मात्र त्यांचे चुकले, आणि कुठे चुकले हे पाहिले तर कोणत्याही भाषेच्या शुद्धलेखनाबद्दल विचार करायला एक चांगली कसोटी हाती लागते.

त्यांचा युक्तिवाद एका गृहीतावर उभा होता: वाचणाऱ्याला शब्द आधीपासून माहीत आहे. ज्याने 'लाग्रिमा' लहानपणापासून हजार वेळा ऐकला, त्याला रेघेची गरज नाही, हे खरेच. पण लिखाण तेवढ्यांसाठीच नसते. शब्द कधीच न ऐकलेले मूल, परक्या प्रांतातला किंवा परक्या भाषेतला वाचक, वर्तमानपत्रात प्रथमच आलेले गावाचे नाव मोठ्याने वाचणारा निवेदक, या सगळ्यांना कागदावरून आवाज उभा करायचा असतो. स्पॅनिशमधली रेघ त्यांच्यासाठी आहे. 'तिल्दे' या नावाने ओळखली जाणारी ही खूण जवळजवळ फुकटात मिळते, कारण ती सरसकट प्रत्येक शब्दावर द्यावी लागत नाही. शब्दाचे तुकडे कसे पडतात याचा एक पक्का हिशेब आहे, त्या हिशेबावर जोराचा एक साधा नियम उभा आहे आणि जिथे शब्द तो नियम मोडतो तिथेच रेघ येते. रस्त्यावर प्रत्येक खांबाला पाटी लावायची नसते, चुकायची शक्यता असलेल्या वळणावर लावायची असते. त्यातलाच हा प्रकार.

आधी तुकड्यांचा हिशेब. स्पॅनिश शब्द बोलताना ज्या ठेक्यांत फुटतो, त्या प्रत्येक तुकड्याच्या पोटात स्वर असतो. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन आले तर ते पुढच्या स्वराकडे जाते: 'का-सा' म्हणजे घर. दोन आली तर बहुधा वाटणी होते, एक मागे, एक पुढे: 'काम-पो' म्हणजे शेत. मात्र प, ब, क, ग, फ यांच्यामागून र किंवा ल आला, अथवा त-द यांच्यामागून र आला, तर ती जोडी फुटत नाही, अख्खी पुढे जाते. म्हणून पुस्तक हे 'ली-ब्रो', 'लिब-रो' नव्हे. उलट, स आणि पुढचे व्यंजन मिळून तुकड्याची सुरुवात कधीच करत नाहीत. शाळा ही 'एस-क्वे-ला' असते आणि इंग्रजीतून आलेला 'स्ट्रेस'सुद्धा पुढे ए लावून 'एस-त्रेस' होतो. वृत्तांचे लघु-गुरू मोजणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. जोडाक्षराआधीचे अक्षर आपण गुरू धरतो, कारण जोडाक्षरातले पहिले व्यंजन लिहिताना पुढे दिसले तरी उच्चारात मागच्या अक्षराला टेकते: लिहितो 'पु-स्त-क', म्हणतो 'पुस्-तक'. स्पॅनिशचे नियम कानाने आधीच केलेली ही विभागणी कागदावर मांडतात, एवढेच. कान जिथे वेगळे, तिथे विभागणीही वेगळी: 'आत्लास' हा शब्द स्पेनच्या बऱ्याच भागात 'आत-लास' असा फुटतो आणि मेक्सिकोत 'आ-त्लास' असा. स्पॅनिशचे लेखननियम ठरवणारी माद्रिदची अकादमी दोन्ही मान्य करते.

खरी गंमत स्वरांची आहे. आ, ए, ओ हे स्पॅनिशमध्ये भारदस्त स्वर मानले जातात, इ आणि उ हलके. दोन भारदस्त शेजारी आले की दोन तुकडे: 'ते-आ-त्रो' म्हणजे नाटकगृह. भारदस्ताशेजारी हलका आला की तो त्याच्यात विरघळतो आणि दोघांचा एकच तुकडा होतो. पण त्या हलक्या स्वरावरच जोर असेल तर तो विरघळत नाही, स्वतःचा तुकडा राखून बसतो. आणि तसे घडले आहे हे सांगायला त्याच्या डोक्यावर रेघ येते. 'साब्या' म्हणजे शहाणी स्त्री, 'साबीआ' म्हणजे ठाऊक होते. रोमन लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरे तीच, त्याच क्रमाने. फरक एका रेघेचा. एकात दोन तुकडे आहेत, दुसऱ्यात तीन. देवनागरीत हा भेद जोडाक्षरामुळे आपोआप दिसतो, रोमनमध्ये दिसत नाही. म्हणजे रेघ इथे नुसता जोर दाखवत नाही, शब्द किती तुकड्यांचा आहे हेही सांगते.

आता जोराचा नियम. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. दुसरे कोणतेही व्यंजन असेल तर शेवटच्या तुकड्यावर. मघाचा जोराचा हलका स्वर वगळता शब्द याप्रमाणे वागला तर रेघ नाही, वागला नाही तर जोराच्या स्वरावर रेघ. जोर त्याहूनही मागे, शेवटून तिसऱ्या तुकड्यावर असेल तर रेघ हमखास. संपले. बहुसंख्य शब्द नियमाने वागतात, म्हणून छापील पानावर रेघा तुरळक दिसतात. न आणि स या दोघांनाच स्वरांच्या पंगतीला का बसवले? कारण स्पॅनिशमध्ये नामांचे अनेकवचन स लागून होते आणि क्रियापदाचे तृतीयपुरुषी अनेकवचन न लागून. 'कासा'चे 'कासास' होते, 'कान्ता' म्हणजे गातो याचे 'कान्तान' होते, जोर जिथल्या तिथे राहतो आणि रेघेची गरज पडत नाही. ही व्यवस्था अकादमीने १८८० मध्ये पक्की केली. त्याआधीच्या पुस्तकांत राष्ट्र या अर्थाचा 'नास्योन' किंवा हृदय या अर्थाचा 'कोरासोन' बिनरेघेचा छापलेला सापडतो. आज त्यांवर रेघ असते. भाषेत वारंवार येणारी रूपे रेघेविना सुटावीत आणि क्वचित येणाऱ्यांनी तिचा भार उचलावा, हे त्यामागचे तत्त्व आहे. साकातेकासच्या वक्त्याचे स्वतःचे नाव या नियमांचे उत्तम उदाहरण आहे. 'गाब्रिएल' ल वर संपतो, जोर शेवटी, रेघ नाही. 'गार्सीआ'मध्ये इ वर जोर असल्याने तो शेजारच्या आ पासून सुटला, म्हणून रेघ. 'मार्केस'च्या शेवटी रोमनमधले झेड आहे, नियमाने जोर शेवटी हवा, पण तो पहिल्या तुकड्यावर आहे, म्हणून पुन्हा रेघ, निराळ्या कारणाने. तीन शब्द, तीन निर्णय. आणि ज्याने हे नाव कधी ऐकलेले नाही तोसुद्धा ते बिनचूक म्हणू शकतो.

एकच शब्द जवळून पाहू. रोमनमध्ये तीच आठ अक्षरे ठेवून स्पॅनिशमध्ये तीन शब्द होतात. पहिला 'कोन-ती-न्वो', म्हणजे अखंड, सलग. तीन तुकडे, जोर मधल्या 'ती' वर, शेवटी स्वर. सगळे नियमात, रेघ नाही. दुसरा 'कोन-ति-नू-ओ', म्हणजे मी पुढे चालू ठेवतो. इथे उ वर जोर आला, तो शेजारच्या ओ मध्ये मिसळला नाही, तीनाचे चार तुकडे झाले. उ वर रेघ. तिसरा पुन्हा 'कोन-ति-न्वो', पण जोर शेवटच्या 'न्वो' वर, म्हणजे त्याने पुढे चालू ठेवले. तुकडे पुन्हा तीन, शेवटी स्वर असून जोर शेवटी, नियम मोडला. ओ वर रेघ. तिन्ही ठिकाणी वाचणाऱ्याने करायचे काय, तर शेवटचे अक्षर पाहायचे आणि रेघ आहे का ते पाहायचे. अर्थ नंतर, आवाज आधी हाती येतो.

मार्केस यांच्या बाजूने पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप संदर्भाचा आहे. वाक्य वाचले की अर्थ कळतो, मग खूण कशाला? त्यांनी निवडलेली उदाहरणे या आक्षेपाला सोयीची होती. अश्रूच्या शब्दाशी स्पर्धा करणारा दुसरा चालू शब्द नाही. पिस्तूल नाम आहे आणि ढवळणे क्रियापद, दोघांच्या जागा वाक्यात वेगळ्या. पण रोजच्या भाषेतली क्रियापदे घ्या. मराठीप्रमाणे स्पॅनिशमध्येही कर्ता बोलून दाखवला नाही तरी चालतो, क्रियापदाच्या शेवटावरून तो समजतो. 'आब्लो' यात जोर पहिल्या तुकड्यावर असला तर 'मी बोलतो', शेवटी असला तर 'तो बोलला'. 'तिच्याशी बोलतो' की 'तिच्याशी बोलला' हे बाकीच्या वाक्यावरून ठरत नाही. काळ आणि पुरुष दोन्ही त्या एका रेघेवर लटकलेले असतात. 'पागारा' शेवटी जोर देऊन म्हटला तर 'तो पैसे देईल', मधल्या तुकड्यावर जोर असला तर 'त्याने पैसे दिले तर' किंवा 'द्यावेत म्हणून' अशा छटेचे रूप. करारनाम्यात हा फरक किरकोळ म्हणता येईल का? 'आस्या' म्हणजे दिशेने आणि 'आसीआ' म्हणजे करत होता, हे दोन्ही शब्द तर पानापानावर येतात. संदर्भ अनेकदा वाचवतो हे मान्य, पण तो मागाहून वाचवतो. वाक्य संपल्यावर कळते की आपण सुरुवात चुकीची केली होती. मोठ्याने वाचणाऱ्याला तेवढी सवड नसते.

दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची आहे. ज्यांच्या स्वतःच्या भाषेत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यांच्या कानाला जोराची जागा पटकन टिपताच येत नाही. एमान्युएल दुपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फ्रेंच आणि स्पॅनिश भाषकांना फक्त जोराच्या जागेत फरक असलेले निरर्थक शब्द ऐकवले. स्पॅनिश भाषक ते सहज वेगळे ओळखत होते, फ्रेंच भाषकांना अवघड जात होते. फ्रेंचमध्ये जोर ठरलेल्या जागी, शेवटाकडे पडतो. तो लक्षात ठेवायची गरज त्यांना पडलेली नसते. मराठीतही जोर इकडचा तिकडे केल्याने शब्द बदलत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'आब्लो'ची दोन रूपे सुरुवातीला कानाने सारखीच वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. कान जिथे कमी पडतो तिथे डोळा धावून येतो. रेघ पाहून तो जोर देतो, देऊन देऊन ऐकायला शिकतो. रेघ काढून टाकली तर या माणसाला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकून घ्यावा लागेल.

हे फक्त परदेशी विद्यार्थ्यांपुरते नाही. स्पॅनिश अमेरिकेतल्या नव्या प्रजासत्ताकांपुढे एकोणिसाव्या शतकात साक्षरतेचाच प्रश्न होता. १८२३ मध्ये लंडनमध्ये राहून आंद्रेस बेल्यो आणि हुआन गार्सिया देल रियो यांनी अमेरिकेसाठी शुद्धलेखन सोपे करण्याचा आराखडा मांडला. एका उच्चाराला एक अक्षर, मुकी अक्षरे बाद, ही त्याची दिशा. त्याच विचारांची छाया असलेली सुधारित लेखनपद्धती चिलीने १८४४ मध्ये स्वीकारली आणि ती तिथे १९२७ पर्यंत टिकली. अक्षरांवर अशी कात्री चालवू पाहणारे बेल्यो जोराच्या बाबतीत उदासीन नव्हते. १८३५ च्या उच्चारशास्त्र आणि छंदशास्त्रावरच्या ग्रंथात त्यांनी शब्दाघाताचा स्वतंत्र, तपशीलवार विचार केला आहे. सुधारकाच्या दृष्टीने मुके अक्षर आणि जोराची खूण ही एका जातीची ओझी नाहीत. मुके अक्षर वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. खूण सांगते.

शेजारच्या भाषांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत जोर कुठेच दाखवत नाहीत. 'रेकॉर्ड' नाम असताना जोर आधी, क्रियापद असताना नंतर, हे शिकणाऱ्याने शब्दागणिक पाठ करायचे आणि अडले की शब्दकोश उघडायचा. इटालियनमध्ये शेवटच्या स्वरावर जोर असेल तरच खूण सक्तीची आहे, बाकी सगळे वाचणाऱ्यावर सोपवलेले. 'आन्कोरा' नांगर की 'अजून' हे जोरावर ठरते आणि छापील पान ते सांगत नाही. रशियनमध्ये 'झामक' असा जोर आधी दिला तर किल्ला, शेवटी दिला तर कुलूप. मोठ्यांच्या पुस्तकात खूण नसते, पण लहान मुलांच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत रशियन छापखाने ती आवर्जून देतात. म्हणजे खुणेची गरज कुणाला असते हे त्यांनाही ठाऊक आहे. ग्रीसने १९८२ मध्ये प्राचीन काळापासून चालत आलेल्या तीन प्रकारच्या आघातखुणा आणि श्वासखुणा एका फटक्यात काढून टाकल्या, कारण आजच्या उच्चारात त्यांना काही अर्थ उरला नव्हता. पण जोराची एक खूण ठेवली, एकाहून अधिक तुकड्यांच्या प्रत्येक शब्दावर. 'पोते' हा शब्द जोर आधी असता 'केव्हा' आणि शेवटी असता 'कधीच नाही' होतो. साफसफाई करणाऱ्यांनीही जी वस्तू बाहेर टाकली नाही, तिला अडगळ म्हणणे कठीण आहे. आणि ग्रीकच्या तुलनेत स्पॅनिशची पद्धत काटकसरीची, कारण तिथे नियमाबाहेरच्या शब्दालाच खूण लागते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. स्पॅनिश जगात रेघा चुकवणारा माणूस अडाणी समजला जातो. नोकरीच्या अर्जापासून वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रापर्यंत त्यावरून माणसाची पायरी जोखली जाते. शाळा धड न मिळालेल्यांनाच त्याचा फटका बसतो. हे खरे आहे आणि दोष दाखवायचाच तर जोखण्याच्या या वृत्तीचा दाखवावा. नियम अवघड आहे का? आधी मुलाला शब्द टाळीच्या ठेक्यावर फोडायला शिकवला, जोर कुठे पडतो ते ऐकायला लावले आणि मग शेवटचे अक्षर पाहायला सांगितले, तर नियम दोन वाक्यांत मावतो. अडचण होते ती उलट्या क्रमाने शिकवल्यामुळे: आधी संज्ञांची जंत्री, मग अपवादांची यादी आणि तुकडे पाडणे म्हणजे परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न. 'होबेन' म्हणजे तरुण याला रेघ नाही आणि 'होबेनेस' या अनेकवचनाला आहे, हे पाठ करायला दिले तर लहर वाटते. जोर 'हो' वरून हलला नाही, मागून एक तुकडा वाढला म्हणून तो शेवटून तिसरा झाला, हे बोटांवर मोजून दाखवले तर पुन्हा सांगावे लागत नाही. शिवाय ज्याला घरात ग्रंथसंग्रह नाही, शब्द ऐकायला सुशिक्षित गोतावळा नाही, त्याला छापील शब्दाचा आवाज देणारी ही रेघच तर आहे. ती काढली तर शिकलेल्यांचे काही बिघडत नाही. बिघडते ते ज्यांच्या नावाने ती काढा म्हणतात त्यांचेच.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे माद्रिदहून लादलेले आहे. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीचा इतिहास पाहता शंका रास्त आहे. १८४४ मध्ये राणी इसाबेलच्या काळात अकादमीचे शुद्धलेखन राजाज्ञेने शाळांना सक्तीचे झाले होते. पण जोराच्या खुणेत लादण्याला फारसा वावच नाही, कारण ती उच्चाराच्या मागून चालते. स्पेनमध्ये 'विदेओ'चा जोर पहिल्या तुकड्यावर असतो, म्हणून तिथे रेघ देतात. अमेरिका खंडात तो मधल्या तुकड्यावर असतो, म्हणून तिथे देत नाहीत. दोन्ही शुद्ध. ड्रायव्हर या अर्थाच्या 'चोफेर'चेही तेच. फुटबॉल बहुतेक देशांत रेघेसह, मेक्सिकोत रेघेविना. अर्जेंटिनात 'तू' ऐवजी 'बोस' म्हणतात आणि क्रियापदाचा जोर शेवटी नेतात, तर तिथले लेखक ती रेघ निःसंकोच देतात. नियम एक, उच्चार आपापले. २०१० चा शुद्धलेखनग्रंथ तर वेगवेगळ्या देशांतल्या २२ अकादम्यांनी मिळून काढला.

हे तत्त्व मान्य केले की अकादमीच्या दोन वादग्रस्त निर्णयांबद्दलही मत देता येते. 'सोलो' हा शब्द 'एकटा' या अर्थाने आणि 'फक्त' या अर्थाने, दोन्हींनी वापरतात. 'फक्त'वर रेघ द्यायची जुनी पद्धत होती. २०१० मध्ये अकादमीने ती नको म्हटले, नामवंत लेखक चिडले आणि मार्च २०२३ मध्ये अकादमीने, लिहिणाऱ्याला घोटाळा होईल असे वाटले तर रेघ चालेल, अशी वाट ठेवली. माझ्या मते २०१० चा निर्णय बरोबर होता. दोन्ही 'सोलो' कानाला हुबेहूब सारखे आहेत, जोर एकाच जागी. तिथे रेघ आवाजाबद्दल काही सांगत नाही, अर्थाची चिठ्ठी म्हणून चिकटवलेली असते. अर्थाचा घोटाळा बोलण्यातही होतोच आणि बोलणारा वाक्य फिरवून तो सोडवतो. लिहिणाऱ्यानेही तसेच करावे. 'तू' आणि 'तुझा', 'तो' आणि इंग्रजी 'द'च्या अर्थाचे उपपद अशा एकतुकडी जोड्यांवरच्या रेघा मात्र निराळ्या. तिथे वाक्याच्या ओघात एक रूप खरोखरच ठसक्याने येते आणि दुसरे पुढच्या शब्दाला चिकटून जाते, म्हणजे रेघ आवाजाशी प्रामाणिक आहे. दुसरा निर्णय 'ग्योन' म्हणजे संयोगचिन्ह किंवा पटकथा या शब्दाचा. कुणी तो एका तुकड्यात म्हणतो, कुणी 'गि-ओन' असा दोन तुकड्यांत. २०१० पासून लिखाणापुरता तो एकतुकडी मानून रेघ काढली गेली. इथे उच्चाराशी थोडी तडजोड झाली, नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन्ही उच्चारांत जोर ओ वरच आहे, तेव्हा वाचणाऱ्याचे काही हुकत नाही.

आणि मोबाइल? निरोपात कोण रेघा देतो? न देवोत. मित्राला पाठवलेल्या चार शब्दांत दोघांनाही सगळे ठाऊक असते. यंत्र आपोआप रेघा देईल म्हणून शिकायची गरज नाही, हे मात्र पटत नाही. 'लाग्रिमा'वर यंत्र रेघ देईल, कारण बिनरेघेचे रूप त्याला खटकेल. 'आब्लो'ची, 'पागारा'ची, 'साब्या-साबीआ'ची दोन्ही रूपे त्याच्या कोशात बरोबरच आहेत. खटकण्यासारखे काही नाही, आणि अंदाज बांधून यंत्राने एक निवडले तरी ते बरोबर आहे का हे माणसालाच पाहावे लागते. जिथे चूक महागात पडते नेमकी तिथेच यंत्रावर भिस्त ठेवता येत नाही. मोठ्या लिपीतल्या अक्षरावर रेघ द्यायची नसते हा समजही असाच सोयीपोटी रुजला. अकादमीने तशी सूट कधीच दिलेली नव्हती.

या सगळ्याचा मराठीशी संबंध आहे तो कसोटीपुरता, अनुकरणापुरता नव्हे. आपल्याला जोराच्या खुणेची गरज नाही. पण शुद्धलेखनाचे वाद आपल्याकडेही सतत पेटलेले असतात आणि त्यांत दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेल्या आणि १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या नियमांनी 'नांव', 'कांहीं' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, 'लोकांना' मधला उच्चारला जाणारा ठेवला. स्पॅनिश अकादमीने १९११ मध्ये एकतुकडी शब्दयोगी 'आ' वरची निरुपयोगी रेघ काढली, त्याच जातीचे हे काम, आणि योग्यच. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, समासाच्या पोटात गेला की 'कविवर्य', 'गुरुकुल' असा मूळचा ऱ्हस्व राखायचा, हाही जागेवरून ठरणारा नियम आहे, पाठांतरापेक्षा स्वस्त. उलट बाजूला, आपल्या लिपीत जे मुळीच दाखवले जात नाही त्याची चर्चा होत नाही. 'सरकार' लिहिताना मधला र आणि शेवटचा र दोन्ही पूर्ण अक्षरे असतात, उच्चारात दोघांचाही अ गळतो. कुठे गळतो आणि कुठे राहतो हे मराठी घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही, इतरांना कोण सांगणार? 'जरा थांब' मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला ज वेगळे. 'चार माणसे' आणि 'गुरांना चार' यांतले च वेगळे. पान गप्प आहे. संदर्भाने कळते, असे आपणही म्हणतो, मार्केस यांच्यासारखेच, आणि आपल्यापुरते खरे बोलतो.

रोजच्या मराठी छपाईत नव्या खुणा आणाव्यात असे मी म्हणणार नाही. कोट्यवधी जाणत्या वाचकांवर तो भार विनाकारण पडेल. पण शब्दकोश, पहिलीचे पाठ्यपुस्तक आणि परभाषकांसाठीची पुस्तके इथे तरी अ कुठे गळतो आणि च-ज कोणता हे दाखवायला हरकत कसली? रशियनांनी जोराच्या बाबतीत हाच मध्यममार्ग काढलेला आहे. आणि शुद्धलेखनाचा पुढचा वाद पेटेल तेव्हा परंपरा की सोय, संस्कृत की बोली, या ठरलेल्या फळ्या सोडून प्रत्येक खुणेला आणि नियमाला एकच प्रश्न विचारावा: हा शब्द ज्याने कधी ऐकलेला नाही, त्याला तुझ्यामुळे तो म्हणता येतो का? येत असेल तर ती खूण जाणत्यांना कितीही कंटाळवाणी वाटली तरी राहावी. येत नसेल तर तिच्यामागे कितीही मोठी परंपरा असली तरी तिला रजा द्यावी. स्पॅनिशमधली तिरकी रेघ या प्रश्नाला उतरते, म्हणून ती टिकली पाहिजे.